फॉर्म एकदाच, नावं हजार : छपाईविषयी वाचकांचे प्रश्न

पतसंस्थांच्या सभांच्या नोटिसा संपतात न संपतात तोच उसाच्या बिलांचा हंगाम तोंडावर येतो. त्यामुळे या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. प्रिंटर चांगला आहे, एक पान झटकन येतं, पण हजार पानांचं काम दिलं की सगळं रखडतं. निवडक पत्रांना सविस्तर उत्तरं देत आहोत.

आमच्या पतसंस्थेचे १,८०० सभासद आहेत. सभेची नोटीस वर्डमध्ये मेल मर्ज करून, म्हणजे यादीतली नावं एकाच मजकुरात आपोआप घालून, काढतो. लेटरहेड स्कॅन करून हेडरमध्ये ठेवलंय, मागे संस्थेचं बोधचिन्ह फिकट दिसतं. प्रिंटर मिनिटाला ४० पानांचा म्हणून घेतला, पण दहासुद्धा निघत नाहीत. मध्येच थांबूलालाय, परत सुरू होऊलालाय. नवा प्रिंटर घ्यावा का? — एक वाचक, खानापूर

एवढ्यात घेऊ नका. मिनिटाला ४० पानं म्हणजे एका पानाला दीड सेकंद, म्हणजे तुमचं काम ४५ मिनिटांचं आहे. मिनिटाला दहाच पानं निघत असतील तर त्याच कामाला तीन तास जातात. वरचे सव्वादोन तास कुठे जातात ते आधी शोधायला हवं. प्रिंटरचं यंत्र दीड सेकंदाला एक पान ओढायला तयार असतं. पुढच्या पानाचं चित्र आत तयार झालेलं नसेल तर ते वाट पाहत थांबतं. तुम्हाला दिसतं ते थांबणं-सुरू होणं हेच आहे.

शोधायला तीन छोट्या चाचण्या करा, प्रत्येकी ५० पानांच्या, हातात घड्याळ घेऊन. पहिली, एकाच नोटिशीच्या ५० प्रती. दुसरी, ५० वेगवेगळ्या सभासदांच्या नोटिसा. तिसरी, त्याच ५० नोटिसा, पण हेडरमधलं स्कॅन आणि मागचं बोधचिन्ह काढून फक्त मजकूर. पहिली आणि तिसरी भरधाव गेली आणि दुसरीच रखडली, तर प्रिंटर निर्दोष आहे. प्रतींच्या वेळी तो पान एकदाच तयार करतो आणि ५० वेळा उमटवतो. वेगवेगळ्या नोटिसांच्या वेळी मात्र तेच लेटरहेड ५० वेळा संगणकातून निघतं, केबलमधून जातं आणि प्रिंटरमध्ये नव्याने उलगडलं जातं. तिसरी चाचणीसुद्धा रखडली तर दोष ड्रायव्हर (संगणकातला प्रिंटर चालवणारा प्रोग्राम), फॉन्ट किंवा केबलमध्ये शोधा. मग खालच्या उपायाने फारसा फरक पडणार नाही.

आता स्कॅनचा हिशेब. जेपेग फाईल पाचशे केबीची दिसते, त्यावर जाऊ नका. छापताना ती उलगडते. पूर्ण ए-फोर पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २,४८० गुणिले ३,५०८ ठिपक्यांचं असतं आणि रंगीत असेल तर सुमारे २६ एमबी भरतं. प्रिंटर काळा-पांढरा असला तरी रंग करड्यात बदलण्याचं काम प्रत्येक पानाला होतंच. त्यात मागचं बोधचिन्ह वर्डमध्ये पारदर्शकता देऊन फिकट केलेलं असणार. पारदर्शक वस्तू पानावर आली की तिच्यासोबत वरचा मजकूरही चित्र होऊन जाण्याची शक्यता असते, आणि मग पान आणखी जड होतं.

उपाय असा. नोटिशीचे दोन भाग करा. जे सगळ्या पानांवर सारखं आहे तो फॉर्म, म्हणजेच ओव्हरले. जे बदलतं तो मजकूर: नाव, पत्ता, सभासद क्रमांक, शेअर्सची रक्कम.

फॉर्म आधी नीट तयार करून ठेवा. संस्थेचं नाव आणि पत्ता स्कॅनमधून न घेता टाईप करा. बोधचिन्ह कोरल ड्रॉमध्ये काढलेलं असेल तर तेच वापरा. चित्रच वापरायचं असेल तर संपूर्ण पान न ठेवता तेवढाच तुकडा कापून घ्या. वरची २१० बाय ४० मिलिमीटरची पट्टी करड्या रंगात ३०० डीपीआयला जेमतेम सव्वा एमबी होते, म्हणजे आधीच्या २६ एमबीचा विसावा हिस्साही नाही. मागच्या फिकट बोधचिन्हाची पारदर्शकता काढा आणि ते फोटोशॉपमध्ये किंवा तत्सम प्रोग्राममध्ये आधीच फिकट करड्या रंगाचं करून सपाट चित्र म्हणून ठेवा. अध्यक्षांच्या सहीला ५० बाय २० मिलिमीटर पुरे. मग या रिकाम्या फॉर्मची एका पानाची पीडीएफ करा.

दुसऱ्या फाईलमध्ये तेच पान, तेच समास, पण हेडर रिकामं आणि फक्त मर्जची क्षेत्रं. तिची १,८०० पानांची एकच पीडीएफ करा. पीडीएफटीके आणि क्यूपीडीएफ हे पीडीएफ जोडण्या-बदलण्याचे प्रोग्राम आहेत. पीडीएफटीकेचा 'बॅकग्राउंड' हा आदेश किंवा क्यूपीडीएफचा 'अंडरले' हा पर्याय वापरून फॉर्म प्रत्येक पानाखाली घाला. क्यूपीडीएफमध्ये पहिलं पान पुन्हा पुन्हा वापरायला 'रिपीट' सांगावं लागतं, नाहीतर फॉर्म फक्त पहिल्या नोटिशीला लागतो आणि बाकीच्या कोऱ्या राहतात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे मजकुराच्या पानावर पांढरा रंग भरलेला असणं. एक्सेलमध्ये किंवा वर्डच्या टेबलमध्ये 'पांढरा' आणि 'रंग नाही' हे दिसायला सारखे, पण पांढरा रंग खालचा फॉर्म झाकतो. फॉर्मच्या रेघा चौकटीपुरत्या गायब झाल्या तर आधी हेच तपासा.

तयार झालेल्या फाईलचा आकार पाहा. फॉर्म ४०० केबी असेल तर १,८०० पानांची फाईल काही एमबीचीच यायला हवी. ती ७०० एमबी झाली असेल तर फॉर्म १,८०० वेळा आत कोंबला गेलाय आणि तुमची मेहनत वाया गेली आहे. ही तपासणी कधीच चुकवू नका.

शेवटची गोष्ट, फाईल पाठवायची कशी. ती पीडीएफ वाचकातून नेहमीच्या पीसीएल (प्रिंटरला आज्ञा देण्याची एक भाषा) ड्रायव्हरने छापली तर ड्रायव्हर पुन्हा प्रत्येक पान सुटं करून पाठवतो आणि 'एकदाच' हा फायदा बराचसा जातो. हलका केलेला फॉर्म मात्र तेव्हाही उपयोगी पडतोच. प्रिंटरला थेट पीडीएफ छापता येत असेल, पेनड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरून, तर तोच रस्ता धरा. २००-२०० पानांचे गठ्ठे करा आणि आकार 'मूळ आकार' ठेवा, 'पानात बसवा' नको.

दुकानात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतल्या पावत्या, दाखले, अर्ज करतो. फॉर्मचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे, श्रीलिपी आणि नुडी. नावं मात्र युनिकोडमध्ये येतात. पीडीएफ जड होते आणि काही मशीनवर अक्षरं बदलतात. सगळं कर्व्ह करून टाकावं का? — डीटीपी व्यावसायिक, चिकोडी

फॉर्मचा मजकूर कर्व्ह करायला हरकत नाही, पण कधी ते समजून करा. कर्व्ह केल्यावर अक्षर हे अक्षर राहत नाही, आकृती होते. मग फॉन्ट नसलेल्या मशीनवरही ते बिघडत नाही, हा मोठा फायदा. तोटा असा की फॉन्टमधलं अक्षर प्रिंटर एकदा तयार करून पुन्हा वापरतो, पण आकृती प्रत्येक वेळी नव्याने भरतो. त्यात लेझरवर १० पॉइंटच्या खालचा कर्व्ह मजकूर थोडा जाडसर उमटतो, कन्नडमधल्या गोलाईत ते लगेच डोळ्यात भरतं. म्हणून फॉर्म प्रिंटरमध्ये साठवला जाणार असेल तर कर्व्ह करा. प्रत्येक पानाबरोबर जाणार असेल तर फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड करा, म्हणजे फाईलच्या आतच घाला, आणि फक्त मोठी शीर्षकं कर्व्ह करा.

नावं कधीच कर्व्ह करू नका. आणि फाईल जड होण्याचं खरं कारण बहुधा दुसरंच आहे. प्रत्येक सभासदाची वेगळी पीडीएफ बनवून नंतर सगळ्या जोडल्या, तर हजार फायलींबरोबर फॉन्टचे हजार तुकडे आत येतात. सगळ्या नावांची एकाच वेळी एकच पीडीएफ काढली की फॉन्ट एकदाच जातो.

एक सूचना चौकटींबद्दल. मराठी नाव ११ पॉइंटमध्ये ६ मिलिमीटरच्या ओळीत आरामात बसतं. कन्नडमधलं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं खाली लिहिलं जाणारं अक्षर, ओळीखाली लोंबतं आणि त्याच चौकटीत खालच्या रेघेला चिकटतं. दोन्ही भाषांसाठी एकच फॉर्म असेल तर ओळ ८ मिलिमीटरची आखा. मागाहून सगळा ओव्हरले सरकवण्यापेक्षा हे पहिल्यांदाच केलेलं बरं.

आमच्या अडत दुकानातला हिशेबाचा प्रोग्राम फॉक्सप्रोमधला आहे. तो साधा मजकूर छापतो. डॉट मॅट्रिक्स बंद पडल्यावर जुना लेझर लावला, पण बिलाचा फॉर्म आता येत नाही. प्रोग्राम बदलायचा नाही. फॉर्म प्रिंटरमध्येच ठेवता येतो असं ऐकलं. — एक वाचक, निपाणी

बरोबर ऐकलंत, आणि तुमच्या कामाला याहून चांगला उपाय नाही. पीसीएल ५ समजणाऱ्या प्रिंटरमध्ये फॉर्म 'मॅक्रो' म्हणून साठवता येतो. मग बिलाबरोबर जातात ती काही शे अक्षरं, आणि प्रिंटर स्वतःच प्रत्येक पानावर फॉर्म उमटवतो.

पण आधी प्रिंटर तपासा. आपल्याकडे दुकानादुकानांत दिसणारे कॅनन एलबीपी २९०० किंवा एचपी १०२० हे पान संगणकातच तयार करून घेतात. त्यांना पीसीएल कळत नाही, मॅक्रो ठेवता येत नाही. सेटिंगचं पान छापून त्यावर पीसीएल ५ लिहिलंय का ते पाहा.

फॉर्म वर्डमध्ये किंवा कोरलमध्ये बनवा आणि पीसीएल ५च्या ड्रायव्हरने 'फाईलमध्ये छापा' करा. पीसीएल ६चा ड्रायव्हर नको, त्याची भाषा वेगळी. ड्रायव्हरमध्ये 'रास्टर' किंवा 'ग्राफिक्स म्हणून छापा' निवडा. नाहीतर देवनागरी अक्षरं तात्पुरते फॉन्ट म्हणून जातात, पुढच्या रिसेटला पुसली जातात आणि फॉर्मच्या रेघा राहून अक्षरं उडतात.

तयार झालेली फाईल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलमधला एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडा. सुरुवातीच्या पीजेएलच्या (प्रिंटरला कामाची माहिती देणाऱ्या) ओळी आणि रिसेट, म्हणजे एस्केप आणि मोठा ई, काढा. शेवटचा रिसेट आणि त्याआधीचा फॉर्म फीड, म्हणजे हेक्स ०सी, काढा. फॉर्म फीड राहिला तर फॉर्मचं पान वेगळं आणि बिलाचं वेगळं बाहेर पडतं. मात्र '०सी सगळीकडून काढा' असं करू नका. चित्राच्या माहितीतही तो बाइट असतो, तो काढला की फॉर्म फाटतो.

उरलेल्या भागाच्या आधी आणि नंतर आज्ञा जोडायच्या. एस्केप म्हणजे २७ क्रमांकाचं अक्षर, फॉक्सप्रोमध्ये सीएचआर २७. आधी: एस्केप, अँपरसँड, लहान एफ, ७०१, मोठा वाय. ही मॅक्रोची ओळख, क्रमांक ० ते ३२७६७ मधला कुठलाही चालतो. मग एस्केप, अँपरसँड, लहान एफ, ०, मोठा एक्स, म्हणजे साठवायला सुरुवात. फॉर्म संपल्यावर तीच आज्ञा १ घालून, म्हणजे साठवणं बंद, आणि पुन्हा तीच १० घालून, म्हणजे मॅक्रो कायम. ही फाईल प्रिंटरकडे जशीच्या तशी जायला हवी. विंडोजमध्ये प्रिंटर शेअर करून कॉपी आज्ञा स्लॅश बी लावून द्या.

बिल छापताना प्रोग्रामने सुरुवातीला चार गोष्टी याच क्रमाने पाठवायच्या: रिसेट, ए-फोर कागद, म्हणजे एस्केप, अँपरसँड, लहान एल, २६, मोठा ए, मॅक्रोचा क्रमांक, आणि शेवटी ४ घातलेली एक्सची आज्ञा, म्हणजे ओव्हरले चालू. हा क्रम मोडू नका. रिसेट, कागदाचा आकार किंवा आडवं-उभं बदलणं, यांपैकी काहीही नंतर गेलं की ओव्हरले आपोआप बंद होतो. 'पहिल्यांदा फॉर्म आला, नंतर नाही' ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. आज्ञेतला लहान एल आणि एकचा आकडा सारखे दिसतात, तिथेही तास जातात.

दोन्ही बाजूंनी छापत असाल तर फॉर्म मागच्या बाजूवरही येईल. मागे नको असेल तर तिथे ५ची आज्ञा देऊन बंद करा आणि पुढच्या पानाला पुन्हा ४ द्या.

मॅक्रो 'कायम' केला होता. वीज गेली आणि आल्यावर सत्तर बिलं कोऱ्या कागदावर निघाली, फॉर्मच नाही. — एक वाचक, अथणी

पीसीएलमधलं 'कायम' म्हणजे रिसेटला टिकणारं, वीज गेल्यावर नाही. फॉर्म प्रिंटरच्या रॅममध्ये असतो. फ्लॅश किंवा हार्ड डिस्क असलेल्या प्रिंटरमध्ये तो तिथे ठेवता येतो. बाकीच्यांनी प्रत्येक कामाच्या सुरुवातीला मॅक्रोची फाईल आधी पाठवावी. दोनशे बिलांमागे एकदा फॉर्म गेला तर वेळेचं काही बिघडत नाही, आणि सत्तर कागद वाचतात. गाढ झोपेत जाणारे किंवा पोस्टस्क्रिप्ट आणि पीसीएल अशी भाषा बदलणारे काही प्रिंटरही मॅक्रो विसरतात, त्यांनाही हाच उपाय.

संगणक यूपीएसवर ठेवा, लेझर प्रिंटर लहान यूपीएसवर नको. फ्यूजर तापताना हजार वॉटच्या आसपास ओढतो आणि यूपीएस संगणकालाही घेऊन बसतो. प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात बारीक अनुक्रमांक छापा. वीज आल्यावर संगणकाच्या रांगेत 'पाठवलं' दिसतं तिथून पुढे जाऊ नका, कारण पाठवलेली काही पानं प्रिंटरच्या पोटातच संपलेली असतात. हातात आलेल्या शेवटच्या चांगल्या कागदाचा अनुक्रमांक पाहून तिथून सुरू करा.

आमच्याकडे रंगीत डिजिटल प्रेस आहे, सोबत फायरी कंट्रोलर, म्हणजे प्रेसला पानं तयार करून देणारा संगणक. शाळांची प्रमाणपत्रं काढताना प्रत्येक पानाला रिप (पानाचं छापायच्या ठिपक्यांत रूपांतर) होत बसतं. — प्रेसचालक, टिळकवाडी

फायरीत 'फ्रीफॉर्म' आहे का पाहा. प्रमाणपत्राची नक्षी, शिक्का, किनार हे सगळं मास्टर म्हणून एकदा पाठवायचं. त्याचा रिप होऊन तो क्रमांकासह साठतो. नंतर फक्त नावांची फाईल तो क्रमांक देऊन पाठवायची. दोन्हींचा कागद आणि आडवं-उभं अगदी सारखं हवं. रात्री मास्टर पाठवून ठेवा, सकाळी नावं हातात आली की लगेच छापायला सुरुवात. फक्त मास्टर कंट्रोलरवरून कुणी पुसणार नाही याची व्यवस्था करा.

फॉर्म ऑफसेटवर छापून घ्यावा आणि त्यावर फक्त नावं लेझरने काढावीत, हे स्वस्त आणि जलद नाही का? — एक वाचक, शहापूर, बेळगाव

पाच-दहा हजारांच्या पुढे, आणि रंगीत फॉर्म असेल तर, होय. हाही एका अर्थाने आधीच तयार केलेला ओव्हरलेच. पण तीन गोष्टी सांभाळा. शाई उष्णतेला टिकणारी हवी आणि पुरती वाळलेली हवी. फ्यूजर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, कच्ची शाई रोलरला लागते आणि पुढच्या पानांवर डाग पाडते. ऑफसेटवाल्याला आधीच सांगा की कागद लेझरमधून जाणार आहे, म्हणजे ओली शाई वरच्या कागदाला लागू नये म्हणून मारतात ती पावडरही तो कमी मारेल. दुसरं, लेझर प्रिंटर कागद ओढताना एखाद-दुसरा मिलिमीटर इकडेतिकडे करतोच. चौकटीत चारही बाजूंनी किमान २ मिलिमीटर जागा सोडा. प्रिंटरमधल्या ओव्हरलेत ही अडचण नसते, तिथे फॉर्म आणि नाव एकत्रच सरकतात. तिसरं, पावसाळ्यात छापलेले गठ्ठे उघडे ठेवले की कागद ओल धरतो, वाकतो आणि अडकतो. प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा आणि लागतील तेवढेच सोडा.

फॉर्म दरवर्षी बदलत असेल, पदाधिकारी बदलत असतील, तर आमचं मत ओव्हरलेच्या बाजूने आहे. रद्दीत जाणारे फॉर्म हिशेबात धरले की ऑफसेटचा स्वस्तपणा फारसा उरत नाही.

लीगल कागदावर ओव्हरलेची खालची ओळ कापली जाते. ए-फोरला सगळं ठीक. — एक वाचक, संकेश्वर

कागद पट्टीने मोजा. लीगल म्हणजे ३५६ मिलिमीटर लांब. दुकानात 'लीगल' म्हणून पुष्कळदा एफएस (फुलस्केप) मिळतो, तो त्याहून आखूड असतो. रुंदी दोन्हींची जवळपास सारखीच, म्हणून हाताला फरक कळत नाही. फॉर्म, मजकूर, ड्रायव्हर आणि ट्रे या चारही ठिकाणी एकच माप टाका. एफएसचा गठ्ठा घेऊन झालाच असेल तर फॉर्म मोजलेल्या लांबीत नव्याने बसवा. 'पानात बसवा' लावून आखडू नका, त्याने फॉर्म आणि नावं वेगवेगळ्या प्रमाणात आखडण्याची शक्यता असते.